त्यांच्या येण्याचा वास

बुवापाडा, अंबरनाथ
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुमुदिनी,

सप्रेम जय भीम.

पाकीट बघून हसली असशील. अंबरनाथहून बदलापूर पुढचंच स्टेशन, आणि ही बाई टपालानं पत्र पाठवते! हस. पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फोनवर तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडते, आणि मध्ये आख्खी चाळ फुकटात गोष्ट ऐकते. व्हॉट्सॲप करावं तर फोन दिवसभर मनालीच्या हातात आणि रात्री सूनबाईच्या. तू खुब्याचं हाड मोडून हेंद्रेपाड्यात तिसऱ्या मजल्यावर पडलेली, आणि मला नातीला सोडून निघता येत नाही. भूषण दुसऱ्या पाळीला जातो, करुणा बँकेतून येते ती आठ वाजता. तोवर घरात आम्ही दोघीच, सात वर्षांची आणि सत्तरीला टेकलेली. म्हणून हे पत्र. आणि लिहायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

कुमुद, भूषणचे बाबा येतात.

आता पत्र खाली ठेवून भाऊजींना हाक मारू नकोस. आधी पुरतं वाच. हे उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यात होते, ते तू जाणतेस. वीस वर्षं तिथं काढली त्यांनी. पँटवर जांभळ्या पाण्याचा फवारा मारायचा, मग पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात बुचकळायची, की जांभळं जाऊन फॅशनचे पांढरे चट्टे उरायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगाला एक वास असायचा. काडी ओढून विझवली की येतो तसा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. साबणाने अंघोळ केली तरी केसांत राहायचा. मला तो आवडायचा गं. तो वास आला की मी दारावरची नजर काढायची. माणूस घरी आलं, संपलं.

यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली. आणि दसऱ्यापासून तोच वास परत यायला लागला आहे. रोज नाही म्हणत, पण बहुतेक रोज. दिवेलागणीला मी बुद्धांपुढे मेणबत्ती लावते, डोळे मिटून वंदना म्हणते, आणि डोळे उघडते तर खोलीत हे असतात. दिसत नाहीत. पण असतात.

विहारात पोरींना शिकवणारी मीच. भूतखेत नाही, पितर नाहीत, आपण श्राद्धपक्ष करायचा नाही अशी आपली प्रतिज्ञा आहे, हे मी त्यांच्याकडून पाठ करून घेते. आणि हे गेल्यापासून रोज घरी येऊन यांच्यासाठी कोकमाचा पेला भरून ठेवते. कामावरून आल्यावर घ्यायचे तसा. नैवेद्य नव्हे हं, नुसता पेला. पण तू सोडून कुणाला सांगू? चाळीत कळलं तर विहाराची पायरी चढायची मला लाज वाटेल.

मला वेड लागलंय का ते खरं खरं सांग.

तुझी,
चांगुणा

⁂

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चांगुणा,

सप्रेम नमस्कार.

पोस्टमन तीन मजले चढून आला आणि म्हणाला, "आजी, हाताने लिहिलेलं पत्र! मी तर म्हटलं कोर्टाची नोटीस आहे." आमच्या साहेबांनी त्याला पाणी दिलं, मी त्यांना बाहेर पिटाळून पडल्या पडल्या वाचलं.

वेड तुला नाही लागलेलं. वेड लागायला डोकं रिकामं असावं लागतं, आणि तुझ्या डोक्यात बालवाडीची दोनशे गाणी अजून भरलेली आहेत. अगं, चाळीस वर्षं एका ताटात जेवलेलं माणूस असं बस चुकल्यासारखं जातं का? माझी आई गेली तेव्हा कित्येक महिने मला स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. मी कुणाला बोलले नाही. तू निदान बोललीस.

प्रतिज्ञेचं म्हणशील, तर पेला भरून ठेवणं म्हणजे श्राद्ध नाही. मी भटजीच्या घरातली आहे, मला श्राद्ध किती खटाटोपाचं असतं ते विचार. येत असतील किसनभाऊ तर येऊ देत की. कुणाचं काय जातंय?

आमच्या साहेबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी स्वारी अजून कंपनीच्या प्रयोगशाळेतच आहे. चहात साखरसुद्धा मोजून घालतात. त्यांना भूत म्हटलं तर आधी त्याचा उत्कलनबिंदू विचारतील.

आम्ही अंबरनाथला असताना मे महिन्यात आपण दोघी ओट्यावर स्क्वॅश करायचो ते आठवतं? आपल्या शाळेच्या शिक्षकखोलीत बाटल्या विकायचो. तू लिंबं पिळायचीस, मी पाक करायची, आणि शेवटी साहेब औषधवाल्यासारखे येऊन त्यात चिमूटभर पावडर टाकायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तू त्याला भाऊजींचा प्रसाद म्हणायचीस. काय हसायचो!

एक सांग. तो पेला मग पितं कोण? तू पीत असशील तर खबरदार. साखर आहे तुला.

मनालीचा दमा कसा आहे? थंडीत जपा तिला.

तुझी,
कुमुदिनी

⁂

बुवापाडा, अंबरनाथ
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुमुदिनी,

जय भीम.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. बरं वाटलं. आता मी त्यांच्याशी बोलतेसुद्धा. बाजारात मेथी काय भाव मिळाली, भूषणला बढती मिळायची आहे, असलंच काहीतरी. पूर्वी तरी कुठे मोठं बोलायचो?

पेला मी पीत नाही, बाई. मनालीलाही देत नाही, त्यांच्या नावाचा म्हणून. आणि मोरीत ओतवत नाही. खिडकीत एक पिंपळाचं रोप आहे कुंडीत. हे विहारातून घेऊन आले होते, हातभर झालंय. दुसऱ्या दिवशीचा पेला भरायच्या आधी आदल्या दिवशीचा त्या कुंडीत ओतते. ओतायचं, पेला विसळायचा, ताजा भरायचा, मग मेणबत्ती आणि वंदना, असा माझा क्रम. पण गोड ना ते, यंदा मुंग्या अशा लागल्या की रांगच्या रांग मनालीच्या अंथरुणात. तिचा पलंग खिडकीलाच आहे. म्हणजे यांचाच पलंग तो, आता ती झोपते. मग काय केलं, कुंडीखाली जुनी परात ठेवली आणि परातीत यांची पांढरी पावडर पसरली. कारखाना बंद झाला तेव्हा तिथल्या सिंधी मालकाने, साईंनी, उरलेलं अर्धं पोतं यांना दिलं होतं. हे त्यात आपले पांढरे कपडे धुवायचे, जयंतीच्या मिरवणुकीत यांच्यासारखा पांढरा सदरा कुणाचा नसायचा. दसऱ्याला माळा साफ करताना ते पोतं सापडलं. म्हणायचे, हिच्या आसपास किडामुंगी फिरकत नाही. खरं निघालं. एक मुंगी नाही आता. ओल लागून पावडर दगडासारखी होते, मग मी वरून मूठभर ताजी टाकते. यांच्या हातची वस्तू घरात उपयोगी पडते, तेवढंच समाधान.

पिंपळ मात्र रुसलाय. पानांच्या कडा करपल्यात. थंडी असेल.

मनालीचं विचारलंस. खोकला जात नाही गं. संध्याकाळी सुरू होतो, रात्री पंप द्यावा लागतो. डॉक्टर म्हणतात, अंबरनाथची हवा. थंडीत कंपन्यांचा गॅस खाली बसतो. परवा शेजारच्या काशीबाईंनी दार ठोठावलं. "अहो मॅडम, तुमच्या घरात पण वास येतोय का? कंपनीने गॅस सोडला वाटतं. खिडक्या टाईट लावून घ्या, पोरीला त्रास होईल." त्यांनी सांगायच्या आधीच मी लावून घेतल्या होत्या. आता तर दिवेलागणीलाच लावते, फटीत फडकं कोंबून.

काशीबाईंनाही वास आला, हे ऐकून मी आधी घाबरले. मग खरं सांगू? आनंद झाला. म्हणजे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही ते.

तुझी,
चांगुणा

⁂

हेंद्रेपाडा, बदलापूर
१ डिसेंबर २०२५

प्रिय चांगुणा,

पत्र पोचलं. काल मला आधाराने उभी केली. चार पावलं टाकली आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मी बाळ असल्यासारख्या. त्या नादात सविस्तर लिहायचं राहिलं.

काशीबाईंना आलेला वास कंपनीचाच असणार, त्यावर जाऊ नकोस. आणि आला असेल किसनभाऊंचा, तर त्यांचं शेजारधर्माचं नातं होतंच की! खिडक्या लावतेस ते उत्तम. इकडे बदलापुरातही पहाटे घसा खवखवतो.

मनालीला हळदीचं दूध दे. आजोबा जवळ आहेत तिच्या, ते तिला काही होऊ देणार नाहीत. त्यांचा जीव होता पोरीवर.

डोळ्यांवर झापड येते आहे या गोळ्यांनी. पुन्हा लिहिते.

तुझी,
कुमुदिनी

⁂

बुवापाडा, अंबरनाथ
८ डिसेंबर २०२५

कुमुदिनी,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

परवा सहा डिसेंबर. भूषण आणि करुणा दादरला गेले, चैत्यभूमीवर. दरवर्षी मीही जाते. या वेळी मनालीला खोकला म्हणून घरी राहिले. मनात म्हटलं, आज मोठा दिवस, आज ह्यांच्यासाठी नीट करावं. कोकम चांगलं घट्ट काढलं, आगळ जास्त घातलं. सकाळचा एक आणि आदल्या दिवसाचा एक, असे दोन्ही पेले कुंडीत ओतले. कुंडीतून पाणी खाली उतरलं, परात भिजली म्हणून वर पावडर टाकली. मेणबत्ती लावली. मनाली माझ्याजवळ बसून वंदना म्हणत होती. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज तुटला.

वास इतका आला, कुमुद, इतका तर हे जिवंत असतानाही आला नव्हता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि पोर माशासारखी तोंड उघडून बसलेली. शिट्टी वाजावी तसा तिचा श्वास. ओठ काळेनिळे. पंप दिला, काही फरक नाही. काशीबाईंच्या मुलाने, कल्पेशने तिला उचललं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. मास्क लावला, वाफ दिली. दोन तासांनी रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

रिक्षात मनालीने माझ्या कानाच्या मशीनला तोंड लावून विचारलं, "आजी, आजोबांचा वास येतो ना आपल्याकडे?" मी तिला कधी बोलले नव्हते. एक शब्द नाही.

माझी आई सांगायची, गेलेल्या माणसाचा ज्या लेकरावर फार जीव असतो, त्या लेकराला ते न्यायला येतं. मी तिला हसायची. आम्ही शिकलो, धम्म घेतला, असल्या गोष्टी मागे टाकल्या म्हणायची. आता रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. शेवटच्या आठवड्यात हे त्याच पलंगावर होते, आणि मनालीचं बोट सोडत नव्हते. "हिला माझ्याजवळ राहू दे," म्हणायचे. काय म्हणायचं होतं त्यांना?

पोर आज घरी आली. त्याच पलंगावर झोपली आहे. मी यांना हात जोडून सांगितलं, तुम्हाला माणूस हवं असेल तर मला न्या. आणि त्यांनी रागावू नये म्हणून पेलाही भरून ठेवला. बंद करायची हिंमत होत नाही. बंद केला आणि चिडले तर?

तूच लिहिलं होतंस, येऊ देत की. आता सांग, त्यांना परत कसं पाठवू?

चांगुणा

⁂

हेंद्रेपाडा, बदलापूर
१२ डिसेंबर २०२५

माझ्या चांगुणा,

हे पत्र शांतपणे वाच, आणि बसून वाच.

पहिली गोष्ट. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी भूषणला फोन केला. मनालीला काही दिवस आजोळी, बारवी धरणाकडे ठेवा, तिथली हवा स्वच्छ आहे, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. तो म्हणाला उद्याच नेतो. म्हणजे तुझ्या हातात हे पडेल तेव्हा पोर तिथे असेल. मग माझ्या जिवात जीव आला आणि लिहायला बसले.

दुसरी गोष्ट. मी तुझा विश्वास मोडला. सहा तारखेचं वाचून मी इतकी रडले की साहेब धावत आले. मी सगळी पत्रं त्यांच्या हातात दिली. मला माफ कर. ते हसले नाहीत. चष्मा लावून सगळी वाचली, मुंग्यांचं पान दोनदा वाचलं, आणि विचारलं, "ती पावडर कसली आहे? किसनने सांगितलं होतं का?" मग स्वतःच कपाळाला हात लावला. पुढचं तेच लिहिताहेत.

⁂

चांगुणावहिनींस,

शरदचंद्रचा नमस्कार. थोडक्यात लिहितो, पण सगळं लिहितो.

जीन्सवरचा जांभळा रंग घालवायला किसनराव जी पावडर वापरत, ती सोडियम मेटाबायसल्फाइट. आपल्या स्क्वॅशमध्ये मी जी चिमूट टाकत असे, ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दोन्ही सख्खे भाऊ. ही पावडर जगात सगळीकडे आहे. बेदाण्याचा सोनेरी रंग तिचा. जर्दाळू काळे पडत नाहीत ते तिच्यामुळे. साखर पांढरी करायला, कोळंबीला डाग पडू नयेत म्हणून, कागदाच्या लगद्यात, कातड्याच्या कारखान्यात, पाण्यातलं जास्तीचं क्लोरीन काढायला, सगळीकडे हेच कुटुंब. बाटलीत चिमूट असते तोवर सेवक आहे.

पण तिच्यावर आंबट ओतलं की ती वायू सोडते. गंधकाचा वायू, विझलेल्या काडीच्या वासाचा. म्हणूनच मी तुम्हां दोघींना डबीला हात लावू देत नसे, तुमच्या हाताला लिंबू असे. निरोगी माणसाला तो ठसका आणतो. दम्याच्या मुलाचा श्वास बंद करतो.

तुम्ही रोज कोकम कुंडीत ओतता. ते परातीत उतरतं. मेणबत्ती आणि वंदना होईपर्यंत वायू खोलीत पसरतो. खिडकी तुम्ही बंद केलेली असते. सहा तारखेला आंबट दुप्पट होतं आणि पावडरही ताजी. पिंपळाची पानं त्यानेच करपली.

कुणी मुलीला न्यायला आलेलं नाही. परात उघड्यावर न्या, तोंडाला ओलं फडकं बांधा, आंबट किंवा पाणी काही टाकू नका. उरलेलं पोतं कोरडं बांधून ठेवा, माझा जुना सहकारी उन्मेष येऊन घेऊन जाईल. पोर परत यायच्या आधी हे व्हायलाच हवं.

शरदचंद्र

⁂

चांगुणा, ऐकलंस ना? किसनभाऊ निर्दोष आहेत. तू भीत होतीस तसं काही नाही. मला वाटलं हे कळल्यावर तुझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. लगेच दोन ओळी लिही, की परात काढली.

तुझी,
कुमुदिनी

⁂

हेंद्रेपाडा, बदलापूर
२२ डिसेंबर २०२५

चांगुणा,

उत्तर नाही. उन्मेष येऊन दारावरून परत गेला. तू त्याला म्हणालीस, "नंतर या." म्हणजे पत्र मिळालेलं आहे, आणि पोतं अजून घरात आहे.

काल भूषणला फोन केला. तो म्हणतो, मनाली आजोळी मस्त आहे, शेतात धावते, पंपाची आठवणसुद्धा नाही. रविवारी तिला परत आणणार. आई गप्प गप्प असते म्हणाला. मी त्याला अजून काही बोललेले नाही. पण शनिवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी त्याला सगळं सांगणार आहे, मग तू माझं तोंड बघू नकोस. तुझ्या अब्रूपेक्षा मला ती पोर जास्त आहे. आणि तुलाही आहे, हे मला माहीत आहे.

कुमुदिनी

⁂

बुवापाडा, अंबरनाथ
२५ डिसेंबर २०२५

प्रिय कुमुदिनी,

जय भीम.

परात काढली. पोतं उन्मेष घेऊन गेले. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं श्वास घेऊन वाचशील.

तुझा फार राग आला होता मला. भाऊजींचाही. तुला वाटलं धोंडा उतरेल. अगं, माझ्या घरात एकच माणूस येत होतं, त्याचीही तुम्ही पावडर करून टाकलीत. सहा तारखेनंतर मी त्यांना भीत होते, ते खरं. पण भीत होते म्हणजे ते होते ना? तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा विधवा झाले.

म्हणून लगेच काढली नाही परात. पोर घरात नव्हती, कुणाला धोका नव्हता. मी म्हटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी कागदावर लिहिलं म्हणून काय झालं? मी बघते. सोमवारी, तुझं दुसरं पत्र आलं नव्हतं तेव्हा, संध्याकाळी दार लावलं. खिडकी लावली. मुद्दाम घट्ट आगळ ओतलं, वर दोन मुठी पावडर टाकली. मेणबत्ती लावली नाही, वंदना म्हटली नाही. पलंगावर बसून राहिले.

वास आला. तोच. अगदी तोच. मी म्हटलं, आलात?

कुणी नव्हतं, कुमुद. वास होता आणि खोली होती. पूर्वी त्या वासाबरोबर माझ्या अंगातलं सगळं सैल व्हायचं, या वेळी काही झालं नाही. मी हट्टाने बसून राहिले. म्हटलं, येतील, जरा वेळ लागेल. डोळे चुरचुरायला लागले. घसा आवळला. आणि मला खोकला आला.

तो खोकला मी ओळखला. कोरडा, आधी दोन छोटे, मग एक लांब, आणि शेवटी श्वास आत ओढतानाचा तो आवाज. माझा नव्हता तो. वीस वर्षं मी शेजारच्या उशीवर ऐकला होता. ते म्हणायचे, "काय नाय गं, धूळ गेली घशात." आणि मी पाठ चोळायची, त्यांच्या केसांत नाक खुपसायची आणि तो वास घ्यायची. जीव भरून घ्यायची. मी त्या वासाला माझा नवरा समजत होते, आणि तो वास माझ्या नवऱ्याला रोज थोडा थोडा खात होता. मी एक संध्याकाळ बसू शकले नाही त्यात. ते दिवसभर उभे असायचे, कमरेला ओलं फडकं गुंडाळून, दुसऱ्यांच्या पँटला फॅशन करत. एकदा तरी म्हणायचं होतं, चांगुणा, मला तिथे श्वास घेता येत नाही. म्हणाले नाहीत. आणि मी विचारलं नाही, कारण मला तो वास आवडायचा.

कशीबशी खिडकी उघडली आणि जमिनीवर बसले. बाहेर कंपनीचा गॅस होता की नव्हता, देव जाणे. मी देव म्हणत नाही, पण लिहून गेले, राहू दे.

काल रात्री भूषणला सगळं सांगितलं. तू सांगायच्या आधी मीच सांगायला हवं होतं. पेला, पावडर, वास, तुझी पत्रं, सोमवारची संध्याकाळ. वाटलं होतं चिडेल. त्याची मुलगी जाता जाता राहिली होती. आणि चाळीत तो धम्मवर्ग घेतो, आईने असलं काही करावं, याची लाज वाटेल असं धरून चालले होते.

त्याने आधी दार लावून घेतलं. मग माझ्या मशीनजवळ येऊन म्हणाला, "आई, मलापण यायचा वास. कामावरून आलो की दार उघडल्या उघडल्या. मला वाटायचं बाबा आहेत. करुणाला कधी बोललो नाही, म्हटलं काय म्हणेल, वर्ग घेतो आणि हे काय. मी चपला काढायच्या बहाण्याने दारातच उभा राहायचो थोडा वेळ."

एका घरात आम्ही दोघं, कुमुद. दोघंही त्याच माणसाला भेटत होतो, एकमेकांपासून लपवून. आणि मधल्या पलंगावर पोर खोकत होती.

आज त्याने रजा काढली. भाऊजींनी सांगितलं होतं तशी परात उघड्यावर नेली, पलंग हलवला, भिंत खरवडली. रविवारी मनाली येईल तेव्हा तिला कोरी खोली मिळेल. फरशी मीच पुसणार होते, पण त्याने फडकं हातातून घेतलं. मी म्हटलं, जोर लावून पूस, पावडरीचा डाग आहे तो. "पुसतोय ना आई," म्हणाला, आणि तरी हळूहळूच पुसत राहिला. मी त्याला घाई केली नाही.

तुझी,
चांगुणा